सत्त्याऐंशीवी चौकट

वर्षभर कपाटात होते चार टॅब,
वरचं प्लास्टिकही न काढलेले.
किल्ली चौगुले सरांच्या करगोट्याला असावी,
कधी कुणाला दिसली नाही.
"पोरं फोडतील," एवढंच त्यांचं धोरण.
मग तपासणी आली, म्हणाली, वापर दाखवा,
तेव्हा ते माझ्या टेबलावर आले,
सोबत एक वही:
टॅब चार, चार्जर चार,
जबाबदार शिक्षक, हेर्लेकर बाई.

मला तरी काय येत होतं?
सव्वीस वर्षं खडू, डस्टर, तांबडा पेन.
दोन दिवसांच्या प्रशिक्षणात एक पोरगा
भरभर बोलून गेला, त्यातलं मी एवढंच टिपलं:
फोटो काढा. जरा हलवा. फोटो काढा.
एका सेकंदाला बारा.

सहावी ब ला तेवढंच सांगितलं.
दुसऱ्या दिवशी प्रणोती कुंभार बापट कॅम्पातून
डब्याच्या पिशवीत शाडू घेऊन आली,
गणपतीतली उरलेली, ओल्या फडक्यात,
तान्हं पोर गुंडाळावं तशी.
तिची म्हैस झाली.
शिंगं काड्यापेटीतल्या काड्यांची,
शेपटीला अरमान शिकलगारनं सोललेली तांब्याची तार,
आणि खडूनं आखलेल्या रस्त्यावरून
म्हैस दूध द्यायला गंगावेशीत निघाली.

फोटो. पाय केसभर पुढं. फोटो.
जो विराज खोत पुस्तकाच्या एका पानावर
पाच मिनिटं टिकत नाही
तो दीड तास श्वास धरून
मागचा उजवा पाय सांभाळत बसला.
"सावली पडत्येय रं तुझी, सरक!"
ढग आला की अख्खा वर्ग थांबायचा.
पाढा कुणी म्हणून घेतला नाही.
बारा नवं एकशे आठ,
"बाई, नऊ सेकंदं झाली!"

चौथ्या दिवशी सगळं जोडून पाहिलं.
एकोणीस सेकंदं.
म्हैस चालली.
अडखळत, मान टाकत, पण चालली,
आणि जो कल्ला झाला त्यानं
सातवीचे गुरुजी डोळे वटारून आले
ते दारातच थबकले.

आठव्या सेकंदाला काहीतरी लपकन येऊन गेलं.
मागं नेलं. थांबवलं.
सत्त्याऐंशीव्या चौकटीत, म्हशीच्या पाठीवर
एक अंगठा,
प्रणोतीचा, मातीनं माखलेला, काढायचा राहिलेला.
माझा हात सवयीनं पुढं झाला,
पुसायचं बटण एव्हाना सापडलं होतं मला.
"ऱ्हाऊ द्या की, बाई.
म्हस आपली आपण चालत्येय व्हय?"

शनिवारी पालक आले, मोजकेच.
प्रणोतीची आई मागच्या बाकावर,
कोपरापर्यंत वाळलेली माती.
रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही,
रेघा मातीनं खाल्ल्यात.
पुसून ठेवा, परत ठेवा, दुसरं बोट ठेवा,
मागं रांग कुरकुरत असते.
शाळा न शिकलेल्याला
अंगठेबहाद्दर म्हणतात आमच्यात.
मीही म्हटलंय, हसत, स्टाफरूममध्ये.

भिंतीवर म्हैस चालली.
"थांबवा की तिथं," मागून आवाज आला.
भिंतभर अंगठा,
एकेक रेघ नांगरटीसारखी.
बाईनं आपला अंगठा
प्रोजेक्टरच्या उजेडात धरून पाहिला,
त्याची सावली म्हशीवर पडली.
"माझ्यावानीच वाकडा हाय," ती म्हणाली.
मग जरा थांबून,
"हितं उमटतोय की."

सोमवारी चौगुले सरांनी टॅब मोजून घेतले.
एकाच्या काचेवर शाडू वाळली होती.
नखानं खरवडत म्हणाले, "हे काय?"
मी वही ओढली
आणि शेऱ्याच्या रकान्यात, तांबड्याच पेनानं, लिहिलं:
म्हैस अजून वाटेत आहे.
गंगावेस लांब आहे.
किल्ली लागेल.